नसबंदीनंतरचे १४ दिवस: कुत्र्याच्या पिल्लाच्या बाबतीत या चुका टाळा

टाके उसवण्याची खरी भीती सुरू होते ती तिसऱ्या-चौथ्या दिवशी. भूल पूर्ण उतरलेली असते, औषधाने दुखणं दबलेलं असतं आणि पिल्लू घरभर धावायला लागतं. घरचे म्हणतात, ‘बरं झालं की!’ आणि पट्टा सुटतो. वरची कातडी जुळलेली दिसते, पण मादीच्या पोटाचा आतला स्नायूंचा थर अजून फक्त दोऱ्याच्या जोरावर धरलेला असतो. दिवाणावरची एक उडी त्यावर पूर्ण ताण आणते. म्हणून १० ते १४ दिवस पिल्लाचा उत्साह बघून काही ठरवू नका, जखम बघून ठरवा.

फिरणं म्हणजे पट्ट्याला बांधून ५-१० मिनिटं, शी-शूपुरतं. इंदूरच्या राजवाड्याच्या आसपासच्या जुन्या वाड्यांत जिने उभे आणि अरुंद असतात. तिथे पिल्लाला उचलूनच न्या: एक हात छातीखाली, दुसरा ढुंगणाखाली. पुढच्या पायांखाली हात घालून लटकवत उचललं की पोट ताणलं जातं. कंटाळून धुडगूस घालत असेल तर रबरी खेळण्यात साधं दही भरून, गोठवून द्या. चाटण्यात वेळ जातो.

जखम चाटू नये म्हणून गळ्यात घातलेला कोन (शंकूसारखा पट्टा) ‘बिचाऱ्याला त्रास होतो’ म्हणून रात्री काढणं ही सगळ्यांत महागात पडणारी चूक. कुत्र्याच्या लाळेने जखम भरते हा समज सोडून द्या. लाळेत जंतू असतात आणि दातांनी टाके काढायला पाच मिनिटंही पुरतात. कोन नाकाच्या पुढे दोन-तीन सेंटीमीटर यायला हवा आणि गळ्याशी दोन बोटं आत जायला हवीत. जेवताना समोर बसून काढला तर चालेल, पण वाटी चाटून झाली की लगेच परत घाला.

जखमेवर हळद लावू नका. आपल्याकडे पहिला हात तिकडेच जातो, पण पूड टाक्यांत साचते आणि पिवळ्या डागाखाली लाली दिसत नाही. डेटॉल, स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साइड नव्याने भरणारी कातडी भाजतात. डॉक्टरांनी सांगितलेलं सोडून काहीही लावायचं नाही, आंघोळ नाही. पावसाळ्यात जखम कोरडी ठेवा आणि माशी बसू देऊ नका. ओल्या जखमेत अळ्या पडायला वेळ लागत नाही.

दुखतंय म्हणून घरातली पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन तर मुळीच देऊ नका, दोन्ही कुत्र्याला विषारी आहेत. लाडाने डिंकाचा लाडूही नको, त्यातल्या मनुका मूत्रपिंड निकामी करू शकतात. पोह्यांवरचा कांदा आणि लसूण शेव तशीच घातक. पहिल्या रात्री नेहमीच्या निम्म्याहून कमी, मऊ भात-चिकन पुरे. पोटभर दिलं तर ओकेल. पहिल्या रात्रीचं कण्हणं, एक-दोन दिवस हलका खोकला (श्वासनळीत नळी घातलेली असते) आणि दोन दिवस शी न होणं यात घाबरण्यासारखं काही नाही.

टाक्यांजवळ मऊ, न दुखणारी गाठ आली तर बहुधा आत पाणी साचलेलं असतं, पिल्लू जास्त हललं की होतं. दाबू नका, सुई टोचू नका, पण डॉक्टरांना दाखवा, कारण आतला थर फाटून आलेली गाठही सुरुवातीला अशीच लागते. गाठ गरम, दुखरी, वास मारणारी असेल तर पू झालाय. नराची अंडकोषांची रिकामी पिशवी दोन-तीन दिवस थोडी सुजते. ती फुगत किंवा काळीनिळी होत गेली तर वाट बघू नका.

हिरड्या पांढुरक्या, ताप १०३ अंशांच्या वर, २४ तासांनंतरही तोंडाला अन्न न लावणं, थेंब थेंब रक्त: यातलं काहीही दिसलं तर त्याच वेळी निघा. रक्त येत असेल तर स्वच्छ कापड दाबून धरा. टाके उघडून आतलं काही बाहेर आलं असेल तर ते आत ढकलू नका. उकळून गार केलेल्या पाण्यात भिजवलेलं स्वच्छ कापड वर ठेवून निघा. घरी नेतानाच डॉक्टरांना विचारून ठेवा की रात्री कुठे जायचं, महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात की शहरातच. रात्री दोन वाजता फोन शोधत बसायला लागू नये.

नराच्या घरच्यांनी एक ध्यानात ठेवावं: नसबंदीनंतरही काही आठवडे तो पिल्लं जन्माला घालू शकतो. महिना-दीड महिना माद्यांपासून लांब ठेवा.