फिकी राहिलेली डुंकेल अशी गडद केली

आंबून झाल्यावर 20 लिटर डुंकेल (गडद तपकिरी जर्मन बिअर) तांबूसच राहिली. आधी ती 2 अंश सेल्सिअसला थंड करून यीस्ट खाली बसू दिलं; गढूळ बिअर मुळात फिकी दिसते, त्यामुळे घाईने रंग ठरवू नये. मग 100 ग्रॅम सालकाढं कॅराफा स्पेशल माल्ट (मोड आणून काळपट भाजलेला सातू) भरडून अर्धा लिटर गार पाण्यात रात्रभर भिजवलं. गरम पाण्याने करपट कडवटपणा जास्त उतरतो. गाळून अर्क 10 मिनिटं उकळला, झाकून निववला.

100 मिलि बिअरमध्ये सिरिंजने पाव-पाव मिलि घालत रंग पाहिला, तोही पिण्याच्या ग्लासात. अरुंद नळीत तो फिका भासतो. 1 मिलिला हवा तसा तपकिरी आला, म्हणजे 20 लिटरला 200 मिलि. निर्जंतुक भांड्यात आधी अर्क ओतला, वरून नळीने बिअर हळूच सोडली. जोरात ढवळलं की हवा मिसळते आणि चव ओल्या पुठ्ठ्यासारखी होते.