खाणस्फोटातील कामगारांचा स्मृतिदिन कसा पाळावा

स्मृतिदिनाची तयारी बहुधा मंडप, हार आणि वक्ते यांपासून सुरू होते. ती नावांच्या यादीपासून सुरू करावी. 28 मे 1965 रोजी आजच्या झारखंडमधील धोरी येथील कोळसा खाणीत स्फोट होऊन 268 कामगार मृत्युमुखी पडले, हे वाक्य अचूक असले तरी त्यात एकही माणूस दिसत नाही.

यादी एकाच कागदावरून उतरवू नये. हजेरीपट, नुकसानभरपाईची नोंदवही आणि घरच्यांनी सांगितलेले तपशील यांचा ताळा घालावा, कारण कारकून एका मुलखाचा आणि कामगार दुसऱ्या मुलखाचा असला की नावाचे रूप बदलते, शिवाय ठेकेदाराची माणसे कंपनीच्या पटावर असतीलच असे नाही. नावापुढे वय, मूळ गाव आणि खाणीतील काम लिहावे. यादी घरच्यांसमोर मोठ्याने वाचून दाखवावी. कागदावर नजरेतून सुटलेली चूक ऐकताना लगेच खटकते.

त्यानंतर कारण लिहावे. ‘दुर्दैवी अपघात’ एवढ्यावर भागवणे मला पटत नाही. कोळशातून निघणारा मिथेन हा ज्वालाग्राही वायू पेटला की पहिल्या धक्क्याने कोळशाची धूळ उडते, ती पेटत बोगद्यांतून पुढे धावते, आणि मागे उरलेल्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूने ज्वाळेपासून वाचलेली माणसेही दगावतात. तेव्हा हवा खेळती ठेवण्यात किंवा धूळ निवारण्यात कसूर झाल्याचे चौकशीत निघाले असेल, तर ते फलकावर आले पाहिजे. वेल्समधील सेंगेनिद येथील कोळसा खाणीत 14 ऑक्टोबर 1913 रोजी झालेल्या स्फोटात 439 कामगार आणि बचावासाठी उतरलेला एक जण असे 440 जण गेले. पुढे खटल्यात व्यवस्थापकाला 24 पौंड आणि कंपनीला 10 पौंड दंड झाला. असा आकडा भाषणासाठी राखून न ठेवता यादीखालीच छापावा.

कार्यक्रम शक्यतो स्फोटाच्या वेळीच ठेवावा, मग ती वेळ पाहुण्यांना गैरसोयीची का असेना. एका नावाला चार सेकंद धरल्यास 268 नावांना सुमारे अठरा मिनिटे लागतात, म्हणून दोन वाचक नेमावेत आणि त्यांतील एक तरी खाणीत काम केलेला असावा. मधे टाळ्या, घोषणा किंवा सत्कार घेऊ नयेत.

खाणीच्या तोंडाशी समई किंवा मेणबत्ती लावू नये. जिथे काडेपेटी नेण्यासही मनाई असते तिथे उघडी ज्योत शोभत नाही. लॅम्परूममधून, म्हणजे खाणीचे दिवे ठेवण्याच्या खोलीतून, एक कॅपलॅम्प (कामगाराच्या टोपीवरचा विजेचा दिवा) मागून घ्यावा आणि वाचन संपेपर्यंत तो यादीवर चालू ठेवावा.

दगडी फलक करणार असल्यास शेवटच्या नावाखाली चार-पाच ओळींची जागा कोरी सोडावी आणि शेजारी एक वही ठेवावी, म्हणजे यादीतून सुटलेल्या माणसाच्या घरच्यांना त्याचे नाव तिथेच लिहून देता येईल.