पडदा तिकडे, लॅपटॉप इकडे

आमच्या नेरूळच्या सोसायटीच्या हॉलमध्ये पडदा एका टोकाला आणि प्लग दुसऱ्या टोकाला आहेत. बिल्डरने काय विचार केला तो त्यालाच ठाऊक. व्याख्यान असो की वार्षिक सभा, लॅपटॉप सांभाळायचं काम माझ्याकडे असतं. मी शेवटच्या रांगेमागे बसते, तिथून पडद्यावरचं बारीक अक्षर मला वाचता येत नाही.

आधी केबल. लॅपटॉपचं चित्र आणि आवाज प्रोजेक्टरपर्यंत नेणारी साधी एचडीएमआय केबल पाच मीटरपर्यंत बिनघोर चालते. दहा-पंधरा मीटरवर फुल एचडी चित्र मिळतं, पण केबल चांगली हवी आणि फोर-केचा, म्हणजे त्याहून बारीक चित्राचा, हट्ट सोडायला हवा. त्याहून लांब जायचं तर ऑप्टिकल एचडीएमआय केबल घ्या, नाहीतर कॅट-६ या नेटवर्कच्या वायरच्या दोन्ही टोकांना लावायचे एक्स्टेंडर, म्हणजे सिग्नल लांब नेणारे डबे. ऑप्टिकल केबलला दिशा असते. ‘सोर्स’ लिहिलेलं टोक लॅपटॉपकडेच लावायचं. उलटी लावली की पडदा काळा, आणि सगळे प्रोजेक्टरला शिव्या घालतात. लॅपटॉपला फक्त टाइप-सी असेल तर त्यातून व्हिडिओ बाहेर पडतो का हे आधी बघा. सगळ्या पोर्टांमधून पडत नाही.

आता कीबोर्डवर विंडोज आणि पी एकदम दाबा. डुप्लिकेट म्हणजे दोन्हीकडे तेच चित्र, एक्स्टेंड म्हणजे पडद्यावर वेगळं. व्हिडिओ किंवा वेबसाइट दाखवायची असेल तर माझं मत सरळ आहे: डुप्लिकेट. लांबचा पडदा दिसत नसताना त्याच्यावर माउस फिरवणं म्हणजे अंधारात सुई ओवणं. मात्र डुप्लिकेटमध्ये तुमचे व्हॉट्सॲपचे मेसेजही सगळ्यांना दिसतात, तेव्हा नोटिफिकेशन आधी बंद करा.

स्लाइड असतील तर एक्स्टेंड. पॉवरपॉइंटच्या प्रेझेंटर व्ह्यूमध्ये पुढची स्लाइड आणि नोट्स तुम्हाला दिसतात, लोकांना फक्त चालू स्लाइड. यात डोकेदुखी एकच, माउसचा बाण कडेवरून घसरून पडद्यावर जाऊन बसतो. त्यावर उपाय आहे. डिस्प्ले सेटिंगमध्ये दोन चौकोन शेजारी दिसतात. दुसरा ओढून पहिल्याच्या कोपऱ्याला तिरका चिकटवा. मग बाण त्या एका कोपऱ्यातूनच पलीकडे जातो, सहजासहजी नाही. एखाद्या प्रोग्रामची खिडकीच तिकडे उघडली तर तिच्यावर असताना विंडोज, शिफ्ट आणि कीबोर्डवरची डाव्या किंवा उजव्या बाणाची कळ दाबा, ती परत येते.

मध्येच सेक्रेटरींना दोन शब्द बोलायचे असतात. स्लाइड चालू असताना बी दाबा, पडदा काळा. पुन्हा दाबा, स्लाइड हजर. त्यांचे दोन शब्द किती लांबतील यावर मात्र कुठलीच कळ नाही.

ठाणे खाडीतल्या फ्लेमिंगोंवर बोलायला पाहुणे येतात तेव्हा त्यांना पुढे उभं राहून क्लिकर, म्हणजे स्लाइड बदलायचा रिमोट, वापरायचा असतो. त्याचा छोटा रिसीव्हर लॅपटॉपला मागे, आणि मधे भरलेला हॉल. माणसांच्या गर्दीत तो सिग्नल अडतो. यूएसबीच्या एक्स्टेन्शन वायरने रिसीव्हर उंच, पुढच्या भिंतीच्या दिशेने टांगा. तरी अडलंच तर पाहुण्यांनी हात वर करायचा, मी स्लाइड बदलते.

आवाजही तपासा. एचडीएमआय लावली की आवाज बहुतेक वेळा प्रोजेक्टरच्या चिमुकल्या स्पीकरमधून येऊ लागतो. हॉलचे स्पीकर लॅपटॉपलाच जोडलेले असतील तर खाली उजवीकडच्या स्पीकरच्या चिन्हावरून आउटपुट बदलावा लागतो. हे लोक जमायच्या आधीच करा, आणि चार्जर लावून स्क्रीन झोपण्याची वेळ ‘कधीच नाही’वर ठेवा.