पीआरचा अर्ज चालू असताना स्टडी परमिट: नकारानंतर फाईल कशी सुधारली

कॅनडाच्या पीआरचा, म्हणजे कायम राहण्याच्या परवान्याचा, अर्ज टाकलेला असेल, तर स्टडी परमिटच्या (शिकायला जाण्याच्या परवान्याच्या) फॉर्मवर ते लपवा, असा सल्ला लातूर-नांदेडकडं सर्रास मिळतो. ऐकू नका. दोन्ही अर्ज एकाच खात्याकडं जातात आणि खोटी माहिती सापडली की कॅनडाच्या इमिग्रेशन कायद्याच्या कलम 40 खाली पाच वर्षं बंदी. उलट त्याच कायद्याच्या कलम 22(2) प्रमाणं कायम राहायची इच्छा असली तरी तात्पुरता प्रवेश मिळू शकतो. फक्त मुदत संपल्यावर निघाल, हे अधिकाऱ्याला पटायला हवं. नकार बहुतेक इथंच येतो.

म्हणून नकारानंतरच्या फेरअर्जात अर्जासोबतचं खुलाशाचं पत्र नव्यानं लिहिलं. सुरुवातीलाच पीआर अर्जाची तारीख, प्रकार आणि सद्यस्थिती. मग पीआर नाकारला गेला तर परत येऊन नेमकं काम कोणतं, कुठं. ‘मातृभूमीवर प्रेम आहे’ छापाची वाक्यं सगळी काढली.

खरी अडचण पैशाच्या कागदांची. सातबाऱ्यावर सामाईक खातं असेल तर आपला हिस्सा किती ते वेगळं दाखवा. आणि जमीन म्हणजे हातातला पैसा नव्हे. 1 सप्टेंबर 2025 पासून एकट्या विद्यार्थ्याला, क्युबेक सोडून, फी आणि प्रवासाव्यतिरिक्त वर्षाला 22,895 कॅनेडियन डॉलर दाखवावे लागतात. सोयाबीनचे पैसे खात्यात एकदम जमा झाले असतील तर आडत्याची पट्टी जोडा, नाहीतर ती रक्कम उसनी आणलेली वाटते. मराठी कागदांचं इंग्रजी भाषांतर घरच्यांनी केलेलं चालत नाही, मग काका इंग्रजीचे मास्तर का असेनात.