दुबईत फ्लॅट घेताना सही करण्याआधी

माझ्या धाकट्या भावाने दुबईत बांधकाम चालू असलेला फ्लॅट बुक केला, तेव्हा एजंटाने पहिला चेक स्वतःच्या कंपनीच्या नावाने मागितला. मी फोनवरच म्हटलं, "थांब रे, देऊ नकोस!" दुबईच्या 2007 च्या कायद्याप्रमाणे अशा प्रकल्पाचे पैसे त्या प्रकल्पाच्याच एस्क्रो खात्यात, म्हणजे फक्त त्या बांधकामासाठी राखून ठेवलेल्या बँक खात्यात, जायला हवेत. खात्याचा नंबर दुबई लँड डिपार्टमेंटकडे, म्हणजे तिथल्या सरकारी जमीन खात्याकडे, पडताळा, मगच चेक लिहा. पैसे भरल्यावर करार 'ऊकूद'मध्ये, म्हणजे बांधकाम चालू असलेल्या घरांच्या सरकारी नोंदणीत, नोंदवला का, तेही विचारा. नुसत्या बुकिंग फॉर्मवर विसंबू नका.

परदेशी माणसाला मालकी हक्क ठरावीक भागांतच मिळतो, तेव्हा तो भाग फ्रीहोल्ड, म्हणजे परदेशी माणसाला पूर्ण मालकी देणारा, आहे ना ते आधी बघा. नोंदणीसाठी किमतीच्या 4 टक्के बजेटात धरा.

आता आपल्याकडची बाजू, जी लोक हमखास विसरतात. भारतात राहणाऱ्याला एलआरएसखाली, म्हणजे परदेशी पैसे पाठवण्याच्या रिझर्व्ह बँकेच्या योजनेखाली, आर्थिक वर्षात 2,50,000 डॉलरच पाठवता येतात. पैसे बँकेतूनच पाठवा, कुणाच्या ओळखीने हवाला तर मुळीच नको. आणि इन्कम टॅक्स रिटर्नमध्ये शेड्यूल एफए, म्हणजे परदेशी मालमत्तेचा तक्ता, भरा. घर लपवलं तर 10 लाख रुपये दंड होऊ शकतो. भावाच्या पावत्या मी आजही एका निळ्या फाइलीत, तारखेवार लावून ठेवते.