एचबीसीयूच्या पहिल्या वर्षात करिअरची तयारी कशी करावी

अमेरिकेच्या दक्षिण भागातल्या एका एचबीसीयूत, म्हणजे मुळात कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांसाठी उभ्या राहिलेल्या ऐतिहासिक कॉलेजात, मी रसायनशास्त्र शिकवते. ऑगस्टमध्ये पहिल्या वर्षाची मुलं सल्ल्याला येतात तेव्हा बहुतेकांचं म्हणणं एकच असतं: ‘आधी अभ्यास, नोकरीचं तिसऱ्या वर्षी बघू.’ तोवर उशीर होतो. उन्हाळी इंटर्नशिपची भरती मोठ्या कंपन्या आदल्या फॉलमध्येच, म्हणजे शरद ऋतूतल्या सत्रातच, उरकतात, गुंतवणूक बँका तर त्याच्याही आधी. तिसऱ्या वर्षानंतरच्या उन्हाळ्यासाठी बँकेत जागा हवी असेल तर अर्ज दुसऱ्या वर्षीच जातो, आणि त्यात लिहिण्याजोगं काही पहिल्या वर्षात घडलेलं असावं लागतं.

म्हणून सप्टेंबरमध्येच करिअर सेंटरची पायरी चढा. हँडशेक या विद्यार्थ्यांसाठीच्या नोकरी-इंटर्नशिपच्या वेबसाइटवर खातं उघडा, रेझ्युमेचा पहिला मसुदा तिथल्या माणसासोबत बसून करा. गेल्या वर्षी एका मुलीने माझ्यापुढे जवळजवळ कोरा कागद ठेवला. नाव, शाळा, संपलं. बोलता बोलता कळलं की शाळेत असताना ती संध्याकाळी किराणा दुकानात कॅशवर असायची, रात्रीचा गल्ला तीच जुळवायची आणि नव्या पोरांना मशीन शिकवायची. आम्ही लिहिलं: ‘रोजच्या रोकडीचा हिशेब जुळवून काउंटर बंद करण्याची जबाबदारी, नव्या कॅशिअरना प्रशिक्षण.’ एवढ्या दोन ओळींवर करिअर फेअरमध्ये तिच्याशी लोक थांबून बोलले. चर्चमधल्या मुलांचे वर्ग घेतले असतील, घरच्या धंद्याची बिलं सांभाळली असतील, तर तेही लिहा. ते कामच आहे.

फेअरला पहिल्या वर्षीच जा. जागा मिळणार नाही बहुधा, पण कंपन्या काय विचारतात ते कानावर पडतं. सूट नसेल तर करिअर सेंटरला विचारा; बऱ्याच कॅम्पसवर मुलाखतीचे कपडे मोफत मिळतात.

आता माझ्या मते सर्वांत महत्त्वाचं: नोव्हेंबरपर्यंत निदान एका प्राध्यापकाला तुमचं नाव आणि तुमचा प्रश्न माहीत असायला हवा. आमच्याकडे वर्ग बऱ्याचदा लहान असतात, प्राध्यापकांची दारं उघडी असतात, आणि तरी ऑफिस अवर्समध्ये, म्हणजे विद्यार्थ्यांना भेटायला राखलेल्या वेळेत, मी एकटी बसलेली असते. येताना माझं काम थोडं वाचून या. ‘रिसर्च मिळेल का?’ असं विचारण्यापेक्षा ‘तुमच्या लॅबमध्ये पहिल्या वर्षाची मुलं काय करतात?’ असं विचारा. नॅशनल सायन्स फाउंडेशन या सरकारी संस्थेच्या आरईयू या पदवीच्या विद्यार्थ्यांसाठीच्या उन्हाळी संशोधनात विद्यावेतन मिळतं. बऱ्याच ठिकाणी अर्जाची मुदत जानेवारी-फेब्रुवारीत संपते आणि शिफारसपत्रं लागतात. ओळखच नसेल तर मी पत्रात काय लिहू?

वर्क-स्टडी, म्हणजे आर्थिक मदतीचा भाग म्हणून मिळणारं अर्धवेळ पगारी काम, मिळाली असेल तर पहिली दिसेल ती ड्युटी घेऊ नका. लॅब, आयटी हेल्पडेस्क, ग्रंथालय, अकाउंट्स ऑफिस, तुमच्या विषयाच्या जवळचं काही रिकामं आहे का ते विचारा.

फॉलमध्ये होमकमिंगला, म्हणजे कॉलेजच्या वार्षिक स्नेहमेळाव्याला, माजी विद्यार्थी गावभरातून, देशभरातून येतात. आपल्या कॉलेजचं पोर दिसलं की ते आपणहून बोलतात. ही माया दुसरीकडे सहज मिळत नाही. त्यांच्याकडे लगेच नोकरी मागू नका. पहिली नोकरी कशी मिळाली ते विचारा, ईमेल घ्या, दोन दिवसांत आभार लिहा आणि वसंतात आपली प्रगती कळवा.

बाहेरच्या संस्थाही आत्ताच बघून ठेवा. १९४४ पासूनचा यूएनसीएफ (युनायटेड नीग्रो कॉलेज फंड) मुख्यतः खासगी एचबीसीयूंसाठी आहे, १९८७ मधला थर्गुड मार्शल कॉलेज फंड सार्वजनिक कॉलेजांसाठी. दोन्हींकडे शिष्यवृत्त्या आणि इंटर्नशिपच्या वाटा आहेत. इनरोड्स पगारी इंटर्नशिप जुळवून देते. इंजिनिअरिंगवाल्यांनी नॅशनल सोसायटी ऑफ ब्लॅक इंजिनिअर्सच्या कॅम्पस शाखेत जावं. मोरहाउस, स्पेलमनसारख्या ठिकाणी तीन वर्षं आपल्या कॉलेजात आणि दोन वर्षं जॉर्जिया टेकसारख्या इंजिनिअरिंग कॉलेजात, अशी दुहेरी पदवी घेता येते. पण त्यासाठी कॅल्क्युलस पहिल्या वर्षीच सुरू करावं लागतं, नंतर धावपळ होते.

एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर असाल तर पहिलं शैक्षणिक वर्ष कॅम्पसवरच्या कामावरच भर द्या; सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांची मर्यादा आहे. अभ्यासक्रमाशी निगडित बाहेरच्या कामाची परवानगी, सीपीटी, साधारणपणे पूर्ण शैक्षणिक वर्षानंतरच मिळते, आणि काम सुरू करण्याआधी आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाकडून ती घ्यावीच लागते.

दोन गोष्टींकडे मात्र डोळ्यांत तेल घालून बघा. बऱ्याच कंपन्या ३.० जीपीएच्या (चारपैकी सरासरी गुणांकाच्या) खाली अर्जच उघडत नाहीत, तेव्हा एखादा विषय हातातून निसटतोय असं दिसलं तर विथड्रॉची, म्हणजे विषय मध्येच सोडण्याची, तारीख उलटण्याआधी सल्लागाराला भेटा. आणि फीची थकबाकी. खात्यावर होल्ड लागला की पुढच्या सत्राची नोंदणी अडते आणि हवे ते वर्ग भरून जातात. नोंदणीच्या महिनाभर आधी फायनान्शियल एड ऑफिसात जाऊन बाकी किती ते लेखी घ्या, आणि फाफ्सा, म्हणजे सरकारी आर्थिक मदतीचा अर्ज, दर वर्षी नव्याने भरायचा असतो हे घरीही सांगून ठेवा.