तांत्रिक मदत मागताना मूळ गरज कशी मांडावी

"एक्सेलमध्ये प्रत्येक कोडच्या आधी शून्य लावायचा फॉर्म्युला सांग ना," असं एका सहकाऱ्याने विचारलं आणि मी लगेच सांगितला. तासाभराने तो परत आला. काही कोडना दोन शून्यं हवी होती, काहींना एकही नको होतं. सगळ्यांना सरसकट एकेक लागलं होतं. मग मी विचारलं, "मुळात करायचंय काय तुला?" तेव्हा उलगडा झाला. त्याच्याकडे दुसरीकडून सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी कॉलम वेगळे केलेली साध्या मजकुराची फाइल) आली होती. ती डबल क्लिकने उघडली की एक्सेल कोडला संख्या समजतं आणि सुरुवातीची शून्यं गाळून टाकतं. मूळ फाइलमध्ये ती शाबूत होती! 'डेटा' टॅबमधून फाइल आत घेऊन त्या कॉलमचा प्रकार 'टेक्स्ट' ठेवला, आणि काम झालं. त्याच फाइलमध्ये १६ अंकी क्रमांकही होते. एक्सेल संख्येचे १५ अंकच जपतं, त्यामुळे त्यांचा शेवटचा अंक शून्य होऊन बसला होता. ते त्याच्या लक्षातही आलं नव्हतं.

म्हणून विचारण्याआधी एवढं करा.

१. शेवटी हातात काय हवंय ते एका वाक्यात लिहा. त्यात फॉर्म्युला, सेटिंग, कमांड यांची नावं नकोत. "कोड जसेच्या तसे एक्सेलमध्ये हवेत," इतकं पुरे. हे वाक्य जमत नसेल तर अजून विचारायला जाऊ नका. बहुतेक वेळा घोळ इथेच असतो.

२. काय केलं आणि काय झालं ते क्रमाने सांगा. एरर मेसेज आठवून नको, जसाच्या तसा कॉपी करा. दोन-तीन ओळींचा नमुना द्या. त्यातली खासगी माहिती मात्र बदला.

३. सॉफ्टवेअरची आवृत्ती आणि तुमच्या हातात नसलेल्या गोष्टी सांगा.

४. तुम्हाला सुचलेला मार्ग शेवटी, वेगळा लिहा: "मी फॉर्म्युल्याने करणार होतो, सोपं काही असेल तर सांगा."

समोरच्याने "हे कशासाठी हवंय?" असं विचारलं तर ती उलटतपासणी समजू नका. "ते जाऊ दे, एवढंच सांग" असं कुणी म्हटलं की मला आता ते १६ अंकी क्रमांक आठवतात, आणि मी फाइल आधी उघडून दाखवायला सांगतो.